१९६१ च्या आधीचा पुरावा

विमुक्त जातीतलं पोर अकरावी सायन्सला गेलं की घरात बारावीच्या मार्कांइतकाच एका कागदाचा घोर सुरू होतो. जातवैधता प्रमाणपत्र. ते हाती नसेल तर सीईटीत कितीही गुण पडोत, राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. आणि ते मिळवायचं तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून आपलं घराणं महाराष्ट्रात राहत होतं आणि तेव्हाही ते याच जातीचं होतं, याचा पुरावा जोडावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हीच तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आमची १९६१.

ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचं बरं असतं. जुना सातबारा निघतो, फेरफार निघतो, कोतवाल बुकात आजोबाच्या जन्माची नोंद सापडते. पण ज्यांचे पणजोबा गाढवांवर बिऱ्हाड लादून, निरगुडीच्या फोकांच्या पाट्या आणि डालगी विणत या गावाहून त्या गावाला जात होते, त्यांनी कुठल्या गावच्या तलाठ्याकडं जायचं? आम्ही कैकाडी. विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत हीच जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, इकडं सोलापुरात विमुक्त जातींच्या चौदांमध्ये. सोयरीक इकडची तिकडं झाली तरी यादी बदलत नाही, हा वेगळाच विषय आहे. सांगायचं ते हे, की आमच्या घराकडं १९६१ च्या आधीचा पुरावा आहे, आणि चांगला भक्कम आहे. कारण सरकारनं आम्हाला मोजून, नावं लिहून, बोटांचे ठसे घेऊन तारेच्या कुंपणात ठेवलं होतं.

गेल्या जूनमध्ये भाच्याला घेऊन मी शाळेत गेले. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, सतरा वर्षांचा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, या शाळेत पहिलीला १९५० साली दाखल झाले. क्लार्कनं जनरल रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. पानांच्या कडा तपकिरी झालेल्या, बांधणीचा दोरा सुटलेला, पण निळी-काळी शाई आजही स्पष्ट. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, वडिलांचा धंदा, राहण्याचं ठिकाण. अण्णांच्या ओळीत धंद्यापुढं ‘गिरणीकाम’, ठिकाणापुढं ‘सेटलमेंट’. जातीच्या रकान्यात ‘हिंदू कैकाडी’ आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात ‘गु.ज.’. भाच्यानं त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

“गु.ज. म्हणजे काय गं आत्या?”

क्लार्कनं मान वर केली. मी म्हटलं, “बाहेर गेल्यावर सांगते.” उताऱ्यावर सही-शिक्का घेतला, झेरॉक्सच्या दुकानाशी आलो, आणि मी सुट्टे पैसे काढेपर्यंत त्यानं मोबाइलवर शोधून काढलं होतं. गुन्हेगार जमात. घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून तो एक शब्द बोलला नाही.

सोलापूर आपला इतिहास मोठ्या प्रेमानं सांगतं. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, तिच्यामागोमाग उभ्या राहिलेल्या गिरण्या, भोंग्यावर उठणारं-झोपणारं शहर. आणि १९३०. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात गोळीबार झाला, लोक चिडले, पोलीस शहर सोडून गेले आणि तीन दिवस सोलापुरावर इंग्रजांचं राज्य राहिलं नाही. मग १२ मे रोजी मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या मधोमध आहेत आणि सोलापुरात वाढलेल्या प्रत्येक पोरानं शाळेत असताना तिथं फुलं वाहिलेली असतात. मीही वाहिली आहेत, भाच्यानंही.

याच शहरात सेटलमेंटही होती, म्हणजे ती तारेच्या कुंपणातली वस्ती. ती गोष्ट भाषणात येत नाही. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला, सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता. १९११ ला त्याची कक्षा देशभर वाढवली, १९२४ ला सगळं एकत्र करून नव्यानं पक्कं केलं. सरकारनं राजपत्रात जमातीचं नाव छापलं की ती जमात गुन्हेगार, आणि त्या छापील नावाला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही, हेही कायद्यातच लिहिलेलं. मग नोंदणी, ठसे, हजेरी, बाहेर जायचं तर पास. सोलापुरात गिरण्या होत्या आणि गिरण्यांना माणसं हवी होती. भोंगा झाला की फाटकातून रांगेनं गिरणीत, पाळी सुटली की रांगेनं परत फाटकात, नाव पुकारलं की ‘हजर’. माझा आजा साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर होता. त्याची हजेरी बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी सरकारी दवाखान्यात कंपाउंडरनं नाव पुकारलं की तो बाकावरून ताडकन उठायचा, दोन्ही हात शिवणीला लावायचा आणि मोठ्यानं ‘हजर’ म्हणायचा. आजूबाजूची माणसं हसायची. मी लहान होते, मला वाटायचं आजा पूर्वी मिल्ट्रीत होता.

कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात सेटलमेंट हा फक्त पत्ता होता, जसा कुणाचा साखर पेठ असतो, कुणाचा विजापूर रोड. तारेच्या आत ज्यांची वागणूक बरी वाटली त्यांना कुंपणाबाहेर जी घरं दिली ती फ्री कॉलनी. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं आजही पाकिटावर लिहून येतं. वर्षानुवर्षं आपण स्वतःच आपल्या पत्त्यात ‘फ्री’ लिहितो आणि घरातलं लेकरू कधी विचारत नाही की फ्री म्हणजे कशापासून.

मला कळलं ते नववीत, आणि घरातून नाही. वर्गातली एक मैत्रीण होती, आमचं चांगलं गूळपीठ. भूमितीचा गृहपाठ तिच्याकडं करायचा म्हणून पहिल्यांदाच तिच्या घरी गेले. तिच्या आईनं मायेनं बसवलं, पोहे करते म्हणाली, कुठं राहतेस विचारलं. मी सांगितलं. खिडकीत स्टीलचा छोटा डबा होता, दुधाचे सुट्टे पैसे ठेवायचा. काकूंनी बोलता बोलता तो उचलला, पदरानं उगाच पुसला आणि आत घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा हातात पोह्यांची ताटली होती. ताटलीत लिंबाची फोड होती, वर ओलं खोबरं होतं. काकू वाईट नव्हत्या. काही हरवलं नाही, कुणी काही बोललं नाही. मी पोहे खाल्ले, प्रमेय सोडवलं आणि घरी आले. त्या दिवशी आईला विचारलं, “आपण कोण आहोत?” आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “माणसं आहोत. अभ्यास कर.”

त्यानंतर मी जशी वागायला लागले ते आज आठवलं तरी माझ्या खांद्यात ताठरपणा येतो. किराणा दुकानात गेले की दोन्ही हात मागं बांधून उभी राहायची, म्हणजे शेटजींना माझे हात कशाला लागलेत असं वाटायला नको. कुणाच्या घरी खोलीत एकटीला बसवलं की पाणी मागायच्या निमित्तानं उठून माणसं असतील तिथं जायची. वर्गाच्या सहलीचे पैसे गोळा करायचं काम बाईंनी मला दिलं तेव्हा आनंद झाला नाही, घाम फुटला. दप्तराची चेन उघडी ठेवायची मला सवय लागली होती, दिसू दे सगळ्यांना. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरी आरशासमोर उभ्या राहतात आणि आपण कशा दिसतो ते बघतात. मीही बघायचे. मी बघायचे की माझ्याकडं बघून संशय येतो का.

घराण्याचा इतिहास पोरांना ‘समजतो’ असं आपण म्हणतो, जणू तो गोष्टीतूनच येतो. माझा अनुभव वेगळा आहे. गोष्ट सांगितली नाही तरी सवय खाली उतरते. भाच्याला आम्ही काहीही सांगितलं नव्हतं, ते घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्याला चांगल्या शाळेत घातलं, घर बदललं, आम्ही आता जुळे सोलापुरात राहतो. आणि तरी हा पोरगा दहावीत असताना त्याच्याबरोबर मी मॉलमध्ये गेले, तर मला काय दिसावं? शर्ट बघताना त्याचे दोन्ही हात मागं बांधलेले. वस्तू घेतली की बिल घडी करून वरच्या खिशात, हाताशी लागेल असं. बाहेर पडताना दारावरच्या गार्डनं मागायच्या आधीच ते बाहेर. त्याला हे कुणी शिकवलं? मी शिकवलं नाही. तो माझ्या बोटाला धरून दुकानात जात होता तेवढंच. आणि मी आईच्या बोटाला धरून जात होते.

मग गड्ड्याची यात्रा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर पाळणे लागतात, महिनाभर शहरातली पोरं संध्याकाळी दुसरीकडं कुठं सापडत नाहीत. गेल्या वर्षीच्या जानेवारीत हा चार मित्रांबरोबर गेला होता. त्याच आठवड्यात कॉलेजच्या पोरांबरोबर चार हुतात्म्यांना हार घालून आला होता, फोटो आहे त्याचा. परतताना रात्री नाक्यावर पोलिसानं गाड्या थांबवल्या. पाचही जणांची ओळखपत्रं बघितली. याच्या आधारवर पत्ता अजून जुनाच होता, फ्री कॉलनीचा. बाकीच्यांना लायसनबद्दल विचारलं, याला विचारलं, “वडील काय करतात? घरात कुणावर केस आहे का?” याचे वडील औषधाच्या कंपनीत आहेत. यानं तसं सांगितलं. पोलिसानं गाडीची डिकी उघडायला लावली, त्यात रेवड्यांचं पाकीट होतं. मग सोडलं.

मित्र पुढं जाऊन थांबले होते. त्यातल्या एकानं सहज विचारलं, “तुलाच का बे थांबवलं?” याला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते जूनमध्ये, त्या रजिस्टरच्या दिवशी रात्री, जेव्हा तो जेवणाच्या ताटावर फुटला. अण्णांना तो आबा म्हणतो. “आबा, तुम्हाला सगळं माहीत होतं ना? मग मला का सांगितलं नाही? मी पाच महिने विचार करतोय की मी दिसायला कसा आहे म्हणून मला थांबवलं.”

त्या वाक्यानं मला माझ्या नववीतल्या आरशासमोर नेऊन उभं केलं.

अण्णा ऐंशीच्या पुढं आहेत. ते लगेच काही बोलले नाहीत. पण त्यांच्या गप्प राहण्याला कारणं होती आणि ती कारणं हलकी नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. कायदा गेला, तार तशीच राहिली. पंडित नेहरू १९६० साली सोलापुरात आले आणि त्यांनी सेटलमेंटचं कुंपण तोडलं, त्या दिवशी अण्णा सोळा वर्षांचे होते. पोरांच्या गर्दीत मागं उभे होते. त्यांना दिसल्या त्या पुढच्या माणसांच्या टोप्या आणि धुरळा. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. आपण आजपासून विमुक्त, असं कुणीतरी ओरडून सांगत होतं. त्याच आठवड्यात ते बदली कामगार म्हणून एका गिरणीच्या फाटकावर उभे राहिले. मुकादमानं नाव विचारलं, मग राहायला कुठं विचारलं, आणि उत्तर ऐकून पुढच्या पोराला आत घेतलं. सोळाव्या वर्षी तार तुटताना बघितलेल्या माणसानं त्याच आठवड्यात ठरवलं, की यापुढं आपण या गोष्टीबद्दल बोलायचं नाही. कायदा नसेल तर त्याची आठवण आपण का जिवंत ठेवायची? घरातली आमची कैकाडी बोलीसुद्धा त्यांनी चार माणसांत बोलायची सोडली, कारण ती ऐकली की पोलिसांना वाटायचं काहीतरी बेत शिजतोय. माझ्या भावाला ती समजते, बोलता येत नाही. भाच्याला समजतही नाही.

हे चूक होतं असं मला अण्णांच्या तोंडावर कधीच म्हणवणार नाही. पण मला मनापासून वाटतं, की लेकराला ही गोष्ट पहिल्यांदा घरातल्या माणसानं सांगावी. घरानं नाही सांगितली तर दुसरं कुणीतरी सांगतंच, आणि ते आरोप म्हणून सांगतं. खिडकीतला डबा उचलून सांगतं. डिकी उघडायला लावून सांगतं. मग पंधरा-सोळा वर्षांचं पोर एकटंच त्या आरोपाला उत्तर देत बसतं, आणि त्याच्या हातात ना नाव असतं, ना साल, ना कायद्याचं कलम.

त्या रात्री भाच्यानं सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. “पण आबा, आपले पणजोबा खरंच चोर होते का?”

भाऊ म्हणाला, “गप बस.” अण्णा म्हणाले, “विचारू दे.”

आणि मग त्यांनी सांगितलं, कसलाही आव न आणता. १९१८ साली पाऊस पडला नाही. त्याच वर्षी तापाची साथ आली आणि गावंच्या गावं आडवी झाली. गावात कुणी पाट्या घेईना, कारण पाटीत भरायला घरात धान्य नव्हतं. तेव्हा अण्णांच्या आजोबांनी एका रानातून रात्री जोंधळ्याची कणसं खुडून आणली. धोतराच्या ओट्यात मावतील तेवढी. पकडले गेले, शिक्षा झाली. पुढं बायको-पोरांसह सेटलमेंटमध्ये आले ते कायमचे. “चोरी केली का? केली,” अण्णा म्हणाले. “पण कणसं त्यांनी खुडली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, माझा बाप चार वर्षांचा होता. ठसे आमचेही घेतले.”

मला वाटतं आमच्या पोरांना याच उत्तराची गरज असते. आमच्यात कुणी कधी चोरी केली नाही, सगळं इंग्रजांनी रचलेलं, असं सांगितलं की पोराला एक जुनी केस सापडेपर्यंतच ते पुरतं. प्रत्येक जमातीत असतात तशी आमच्यातही चोरी करणारी माणसं होती. काहींनी भुकेपोटी केली, काहींनी सवयीनं. लाच खाणारा आजा कितीतरी प्रतिष्ठित घरांत होऊन गेला. त्याच्या नातवाला नाक्यावर कुणी विचारत नाही की घरात कुणी लाच खाल्ली आहे का. गुन्हा माणसाचा असतो. तो जमातीच्या नावावर मांडला आणि राजपत्रात छापला, हे त्या कायद्याचं पाप होतं. शिवाय तो कायदा सूड उगवणारा होता. नोंदणी झालेल्या माणसाला ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप, काळं पाणी. ओटीभर कणसांसाठी!

पुढचे काही दिवस भाचा त्या कायद्याच्या मागंच लागला. कॉलेजातून आला की मोबाइल घेऊन बसायचा. एके संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “आत्या, हे वाच.” १९२४ च्या कायद्यात पोरांसाठी एक कलम आहे. सरकारला सुधारशाळा काढता येतील आणि या जमातींची मुलं आईबापांपासून वेगळी काढून तिथं ठेवता येतील. मूल म्हणजे कोण, तेही त्यात सांगितलंय. सहा वर्षांच्या वरचं आणि अठरा वर्षांच्या आतलं.

“म्हणजे मी अजून बसतो यात,” तो म्हणाला.

मी शिक्षिका आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवते. हे कलम वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझे वर्ग उभे राहिले, बाकाबाकांवरचे चेहरे. ज्या वयात आवाज फुटतो, मिसरूड येतं, आईशी भांडण होतं आणि रात्री तिच्याच हातचं जेवल्याशिवाय झोप येत नाही, नेमकं ते वय त्या कायद्यानं आईबापांकडून काढून घेण्यासाठी निवडलं होतं. काढून घेतलेल्या पोरांनी पुढं बाप होऊन आपल्या पोरांना काय सांगायचं होतं? बापपण कसं करतात ते त्यांनी कुठं बघितलं होतं? आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या अबोलपणाचा, दारूचा, अचानक उठणाऱ्या हाताचा मी पूर्वी राग राग करायचे. आता तो राग पूर्ण गेला असं नाही. पण त्याच्या मागं कुठली फाटकं होती ते मला दिसतं.

दुसरा प्रश्न त्यानं विचारला तो हुतात्म्यांच्या संदर्भात. “सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं ना आबा? मग त्या तीन दिवसांत आपल्या लोकांची हजेरी झाली का?” अण्णांचा जन्म नंतरचा. ते कपाळावर हात ठेवून बराच वेळ विचार करत राहिले. मला मात्र हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. शाळेत आम्ही मुलांना विचारतो, तुमच्या घरातलं कुणी स्वातंत्र्यलढ्यात होतं का? हात वर होतात, काहींचे होत नाहीत. ज्यांचे होत नाहीत त्यांच्या घरची माणसं तेव्हा कुठं होती, हे मी आता वर्गात विचारायला लागले आहे. तारेत होती, वेठीला होती, सावकाराकडं गहाण होती, साच्यावर होती. तोही त्याच काळाचा इतिहास आहे आणि तो सांगताना पोराची मान खाली जायचं काही कारण नाही.

वर्गात एका मुलानं भाच्याला ऐकवलं, “तुम्हाला काय बे, सीट आहे तुमची.” विमुक्त जाती अ, तीन टक्के. पहिल्यांदा याला वाटलं प्रवर्ग सांगूच नये, खुल्यातून मिळेल ते घ्यावं. मी समजवायला गेले नाही. त्यानं स्वतःच दोन दिवसांनी अर्ज पूर्ण केला. मला म्हणाला, “आत्या, ठसे घेताना जात चालली, आता सीट देताना का लपवू?”

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. १९५२ ला एक कायदा गेला, पण मुंबई राज्यात १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुन्या याद्यांकडं बघायची नजर तशीच राहिली. अगदी परवा, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांमधल्या जातीवरून भेद करणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. विमुक्त जमातींच्या माणसांकडं जन्मानंच सराईत म्हणून बघणाऱ्या नोंदीही त्यात होत्या. तो निकाल भाच्यानं मोबाइलमध्ये ठेवलाय. नाक्यावर दाखवणार आहेस का, मी विचारलं. नाही, म्हणाला, माझ्यासाठी ठेवलाय.

वैधतेच्या अर्जाला वंशावळ जोडायची असते, शपथेवर. पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा, बाप, मुलगा. तहसीलबाहेर टायपिंगवाल्यानं ती पाच मिनिटांत काढून दिली. सगळे पुरुष. भाच्यानं ती जोडली, पण घरी येऊन दोनशेपानी वहीच्या मधल्या पानावर दुसरी काढायला घेतली, बायकांसकट. आईची आई, तिची आई, कुणाची सोयरीक कुठल्या सेटलमेंटमधून झाली, कोण कुठल्या गिरणीत, कोण मंगळवार बाजारात पाट्या विकायची. अण्णा रोज दुपारी त्याला एकेक नाव देतात. नावाबरोबर काहीतरी निघतंच. अमकीच्या आवाजाला लांबून कुत्री यायची. तमकीनं पास नसताना लेकीच्या बाळंतपणाला रात्रीतून जाऊन पहाटे परत हजेरी दिली. हे मी पन्नाशीला आले तरी ऐकलं नव्हतं. ऐकताना पोरगा मध्येच मोठ्यानं हसतो, मग लिहितो.

परवा गाडी एका जागी अडली. कणसं खुडणाऱ्या पणजोबांच्या बायकोचं नाव काय? अण्णांना आठवेना. मग फोन सुरू झाले. बार्शीची आत्या म्हणते, तिचं नाव देवीवरून होतं, आमच्यात पहिल्या लेकीला तेच ठेवतात. कुर्डुवाडीची आत्या म्हणते, साफ खोटं, नाव नदीवरून होतं, तिच्या आईनं तिला नदीकाठी जन्म दिला म्हणून. दोघींना एकाच फोनवर घेतलं तर दोघींची अशी जुंपली की आवाज शेजारी गेला. अण्णा मधूनमधून “अगं पण” म्हणायचा प्रयत्न करत होते. पोरानं वहीत दोन्ही नावं लिहिली, मध्ये ‘किंवा’ घातलं, आणि कुर्डुवाडीच्या आत्याला विचारलं की तुमच्याकडं तिनं विणलेलं डालगं अजून आहे म्हणता, ते आम्ही रविवारी बघायला येऊ का. आत्या म्हणाली, ये, पण बार्शीवालीला आणू नको.